कलम १००१ आणि सोळा गुंठे

वडील सांगलीच्या जिल्हा न्यायालयात नाझर होते, त्यामुळे ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आमच्या घरी विनोद म्हणूनच उच्चारली जाई. ती पायरी रोज चढल्यावाचून आमची चूल पेटत नसे. तरीही मी वकील व्हावे असे त्यांना किंवा मला कधी वाटले नव्हते. मी विलिंग्डन महाविद्यालयातून रसायनशास्त्रात बी.एस्सी. केले, शिवाजी विद्यापीठातून एम.एस्सी. केले आणि १९९६ साली लग्न होऊन न्यू जर्सीला आले. पुढे २०१३ ते २०२१ अशी आठ वर्षे मी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या वतीने फौजदारी खटले चालवले. ‘असिस्टंट युनायटेड स्टेट्स ॲटर्नी’ असे त्या पदाचे लांबलचक नाव आहे. सांगलीच्या नातेवाइकांना मी ‘इथली सरकारी वकील’ एवढेच सांगत असे. इकडे कायदा शिकायला आलेल्या मराठी मुली हल्ली या वाटचालीविषयी विचारतात, म्हणून ती सविस्तर लिहीत आहे. मात्र खटल्यांचे तपशील ओळखू येणार नाहीत इतके मी बदलले आहेत आणि ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे दोषारोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, जे घडते ते कायद्यानेच गुप्त असल्यामुळे त्यातले काहीही इथे येणार नाही.

त्या काळी नोकरदाराच्या अवलंबित व्हिसावर आलेल्या बायकोला काम करण्याची परवानगी नसे. ती काही जणींना मिळू लागली ती थेट २०१५ साली. कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना २००१ मध्ये हातात पडेपर्यंत मी घर आणि मुलगी सांभाळली. त्याच वर्षांत आमच्या इमारतीतील एका बाईंना घरमालकाने घराबाहेर काढण्याची नोटीस दिली आणि केवळ इंग्रजी वाचता येते म्हणून मी त्यांच्यासोबत न्यायालयात गेले. तिथले वातावरण मला विलक्षण ओळखीचे वाटले. फायलींचे गठ्ठे, पुकारा होताच दचकणारी माणसे, कंटाळलेला कारकून, हे सगळे मी लहानपणी वडिलांचा डबा पोहोचवायला जाताना पाहिले होते.

अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पदवीनंतर सुरू होते आणि प्रवेशासाठी एलसॅट नावाची परीक्षा द्यावी लागते, जिचे गुण १२० ते १८० या पट्ट्यात मोजले जातात. तिच्यात तेव्हा तर्ककोड्यांचा एक विभाग असे: सात माणसे, सात खुर्च्या, अमुक माणूस तमुकाच्या शेजारी बसणार नाही, तर मधल्या खुर्चीवर कोण? सोबतची मुले या विभागाला घाबरत असत. मी चौथी आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची बुद्धिमत्ता चाचणी घोटून आलेली होते. मला तो विभाग सुट्टीसारखा वाटला. २००४ साली मी संध्याकाळच्या वर्गाला प्रवेश घेतला. दिवसाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, संध्याकाळचा चार वर्षांचा असतो.

त्या चार वर्षांविषयी फार सांगण्यासारखे नाही, कारण ती सगळ्यांची सारखीच जातात. करार, अपकृत्ये, मालमत्ता, दिवाणी प्रक्रिया, फौजदारी कायदा आणि संविधान हे पाया घालणारे विषय. शिकवण्याची पद्धत १८७० च्या दशकात हार्वर्डमध्ये लँगडेल यांनी रूढ केली तीच: पाठ्यपुस्तकाऐवजी निवाडे वाचायचे आणि प्राध्यापक अचानक नाव पुकारतील तेव्हा उभ्या उभ्या उलटतपासणीला तोंड द्यायचे. माझे नाव पहिल्यांदा पुकारले गेले ते पॉल्सग्राफच्या १९२८ सालच्या निवाड्यासाठी. रेल्वेत चढणाऱ्या माणसाच्या हातून फटाक्यांचे पुडके पडते, स्फोट होतो, फलाटाच्या दुसऱ्या टोकाचा वजनकाटा कोसळून एका बाईला इजा होते. रेल्वे जबाबदार आहे का? मी वीस मिनिटे बोलले आणि तेवढ्या वेळात दोनदा बाजू बदलली. प्राध्यापक म्हणाले की वकिलाला हे जमायलाच हवे. कोणत्याही बाजूने बोलता येणे हे त्या शिक्षणाचे ध्येय होते आणि मी त्यात चांगलीच तयार झाले. बोलायचे की नाही, म्हणजे मुळात खटला भरायचा की नाही, हे ठरवायला मात्र तिथे कोणी शिकवले नाही.

२००६ मध्ये मी अमेरिकेची नागरिक झाले. ही पायरी टाळता येण्यासारखी नव्हती, कारण केंद्राच्या सरकारी वकिलाच्या पदासाठी नागरिकत्व सक्तीचे असते आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. निळे पारपत्र परत करताना खिडकीतील माणसाने त्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारून ते मला आठवण म्हणून ठेवायला दिला. २००८ च्या जुलैमध्ये बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा, झाली. दोन दिवस चालणाऱ्या त्या परीक्षेत एक अख्खा दिवस दोनशे बहुपर्यायी प्रश्नांचा असतो. नंतर एक वर्ष मी नेवार्क येथील एका केंद्रीय न्यायाधीशांकडे लॉ क्लार्क होते. आपल्याकडे ‘क्लार्क’ म्हटले की वेगळेच चित्र उभे राहते, पण हे काम न्यायाधीशांसाठी टिपणे आणि निवाड्यांचे कच्चे मसुदे तयार करण्याचे असते. माझे खरे शिक्षण त्या वर्षात झाले. कोणता सरकारी वकील न्यायाधीशांच्या प्रश्नाला ‘मला ठाऊक नाही, पाहून सांगते’ असे सरळ उत्तर देतो आणि कोणता दडपून नेतो, हे मागच्या खुर्चीवरून लख्ख दिसे. आणि न्यायाधीश कोणाचे म्हणणे पुढच्या वेळी न तपासता मान्य करतात हेही दिसे. त्यानंतर चार वर्षे एका मोठ्या खासगी फर्ममध्ये काढली. पगार उत्तम होता, काम कागद चाळण्याचे होते. अधिक लिहीत नाही.

मग मी यू. एस. ॲटर्नीच्या कार्यालयात अर्ज केला. ते कसे चालते ते इथे सांगायला हवे. केंद्रीय न्यायव्यवस्थेसाठी अमेरिकेचे ९४ जिल्हे पाडलेले आहेत आणि त्यांना ९३ यू. एस. ॲटर्नी, म्हणजे जिल्ह्याचे मुख्य केंद्रीय सरकारी वकील, आहेत, कारण ग्वाम आणि उत्तर मारियाना बेटे या दोन जिल्ह्यांना मिळून एकच नेमला जातो. हे पद १७८९ च्या कायद्याने निर्माण झाले. यू. एस. ॲटर्नीची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि सिनेट तिला मान्यता देते. आम्ही मात्र त्यांच्या हाताखालचे वकील. आमची नेमणूक न्याय विभागाचे प्रमुख, म्हणजे ॲटर्नी जनरल, करतात, आणि सरकार बदलले की वरचा माणूस जातो, आम्ही सहसा तिथेच राहतो. नेमलेल्याने जिल्ह्यात किंवा त्याच्या हद्दीपासून २५ मैलांच्या आत राहिले पाहिजे असेही कायदा सांगतो. खून, दरोडा असले बहुतेक गुन्हे राज्यांचे वकील हाताळतात. आमच्याकडे बँकांची फसवणूक, करचुकवेगिरी, मोठा अमली पदार्थांचा व्यापार, सरकारी योजनांतील लबाडी असे विषय येत. भारतात पोलीस तपास पूर्ण करून दोषारोपपत्र दाखल करतात आणि प्रकरण सरकारी वकिलाच्या हाती येते. इथे वकील तपासाच्या पहिल्या आठवड्यापासून तपास अधिकाऱ्यांबरोबर बसलेला असतो, त्यामुळे अधिकारही मोठा आणि चूक झाल्यास ती सर्वस्वी आपलीच.

अर्ज, नमुन्यादाखल लिखाण आणि मुलाखतींच्या फेऱ्या यांत काही महिने गेले. एका मुलाखतीत विचारले गेले की, ‘वरिष्ठ खटला भरा म्हणतात, तुमचे मन पुरावा पुरेसा नाही असे सांगते, मग काय कराल?’ बाकी प्रश्न मी विसरले, हा लक्षात राहिला.

त्यानंतर आला एसएफ-८६. सुरक्षा तपासणीचा हा अर्ज भरून छापला की शंभरावर पानांचा होतो. दहा वर्षांतील प्रत्येक पत्ता, त्यांपैकी शेवटच्या तीन वर्षांतील पत्त्यांवर आपल्याला ओळखणारा एकेक माणूस, सात वर्षांतील प्रत्येक परदेशवारी, प्रत्येक जवळचा परदेशी नातेवाईक आणि त्याची जन्मतारीख. वर इशारा छापलेला असतो की, खोटी माहिती दिल्यास केंद्रीय कायदेसंहितेच्या १८ व्या, म्हणजे फौजदारी, भागातील कलम १००१ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील बाबतीत जाणूनबुजून केलेले, महत्त्वाचे ठरणारे खोटे विधान या कलमात बसते. ते शपथेवर केलेले असण्याची गरज नाही. अर्ज भरताना हे कलम माझ्या मानेवर होते आणि पुढे आठ वर्षे ते माझ्या हातात असणार होते.

पहिली अडचण सासूसासऱ्यांची. दोघांचीही जन्मतारीख १ जून. मराठी वाचकाला यात काही सांगावे लागू नये. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी जूनमध्ये वय बसेल अशी तारीख टाकली आणि तीच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून पारपत्रापर्यंत गेली. सासूबाईंचा जन्म प्रत्यक्षात नागपंचमीच्या आसपासचा, असे त्या स्वतःच सांगत. मी काय लिहू? कागदावरची तारीख खोटी आहे हे मला ठाऊक आहे, खरी कोणालाच ठाऊक नाही. सुदैवाने त्या अर्जात तारखेशेजारी ‘अंदाजे’ असा एक छोटा चौकोन असतो. मी १ जून लिहून तो चौकोन भरला आणि पुरवणी जागेत हेडमास्तरांची सगळी हकिगत लिहिली.

दुसरी अडचण मोठी होती. तुमच्या मालकीची परदेशात कधीही स्थावर मालमत्ता होती किंवा आहे काय, असा प्रश्न होता. वडील २०१० मध्ये गेले. वाळवा तालुक्यात त्यांच्या नावावर ४८ गुंठे उसाचे रान होते. मी रात्री साडेनऊला, म्हणजे सांगलीच्या सकाळी, भावाला फोन लावला.

“दादा, आपल्या सातबाऱ्यावर माझं नाव लागलंय का?”

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग, “का गं? आत्ताच कसं काय आठवलं?”

“एक फॉर्म भरायचाय.”

“कसला फॉर्म? कर्ज काढतीयास काय?”

मागून वहिनींचा आवाज आला, “पायजे असंल तर सरळ सांगा म्हणावं.” मी नोकरीचे समजावून सांगितले. दादाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “एफबीआयला आपल्या रानाशी काय करायचंय?” तरीही त्याने दुसऱ्याच दिवशी तलाठ्याकडे जाऊन उतारा आणला. वारसनोंदीचा फेरफार केव्हाच मंजूर झाला होता. आईचे, त्याचे आणि माझे अशी तीन नावे त्यावर होती. पुढच्या वारीत मी हक्कसोडपत्र करून देईन या भरवशावर तो थांबला होता आणि विषय काढायचा कसा हे त्याला तीन वर्षे सुचले नव्हते. म्हणजे सोळा गुंठ्यांची मी मालकीण होते आणि ते मला एका परक्या सरकारने विचारल्यामुळे कळले. परके असे लिहून गेले खरे, पण ते तर आता माझेच सरकार होते.

काही आठवड्यांनी तपासासाठी एक निवृत्त अधिकारी घरी आले. त्यांनी शेजाऱ्यांकडे चौकशी केली, जुन्या वरिष्ठांना गाठले आणि मग आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून दोन तास प्रश्न विचारले. सासूसासरे एकाच तारखेला जन्मले हा योगायोग आहे का, असे त्यांनी विचारले. मी हकिगत सांगितली. ते बराच वेळ लिहीत राहिले, मग मान वर करून म्हणाले, “मग यात खोटे कोण बोलले?” मी म्हटले, हेडमास्तर. ते हसले, पण मी काय म्हणाले ते त्यांनी लिहून घेतले असावे, कारण पेन थांबले नाही.

पूर्ण तपास व्हायचा असताना होणारी पहिली नेमणूक १४ महिन्यांची, तात्पुरती असते. तशी ती झाली आणि मी २०१३ च्या सप्टेंबरमध्ये शपथ घेतली. नव्या वकिलांचे प्रशिक्षण साउथ कॅरोलायनातील कोलंबिया शहरात, तिथल्या विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय केंद्रात होते. तिथे खोटे साक्षीदार, खोटे ज्युरी आणि अत्यंत खरी टीका मिळते. माझ्या ‘व’च्या उच्चाराबद्दल मला तिथे कळले. इंग्रजीत दोन वेगळे ‘व’ आहेत आणि मराठी जिभेला एकच ठाऊक आहे. ‘विटनेस’ हा शब्द दिवसातून शंभरदा म्हणावा लागतो, म्हणून मी गाडी चालवताना तो घोकत असे. अखेर मी तो सराव सोडला, कारण नेवार्कच्या ज्युरीतल्या बारा जणांपैकी निदान चौघांचे उच्चार माझ्याहून निराळे असत.

डिसेंबर २०१३ मध्ये, मला रुजू होऊन तीन महिने झाले असताना, हडसन नदीच्या पलीकडील न्यूयॉर्कच्या जिल्ह्यात भारताच्या उपवाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. आरोप व्हिसाविषयक फसवणुकीचा आणि खोट्या विधानांचा, म्हणजे पुन्हा तेच कलम. घरकामगार बाईच्या पगाराविषयी अर्जात दिलेली माहिती हा वादाचा मुद्दा होता. तिथले यू. एस. ॲटर्नी फिरोजपूरला जन्मलेले प्रीत भरारा होते. मार्च २०१४ मध्ये न्यायालयाने राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर ते दोषारोपपत्र रद्द केले आणि दोनच दिवसांनी नवे दाखल झाले. माझा जिल्हा वेगळा, त्या प्रकरणाशी माझा कागदाचाही संबंध नव्हता. पण सांगलीहून, पुण्याहून, एडिसनच्या मराठी मंडळींकडून फोन येत राहिले. ‘तुमच्या लोकांनी हे काय चालवलंय?’ यातले ‘तुमचे’ कोण, हे विचारणाऱ्यांनाही नीट सांगता आले नसते. प्रलंबित प्रकरणांवर बोलायचे नाही हा आमचा नियम असल्यामुळे मी प्रत्येकाला हवापाण्याबद्दल विचारीत असे. त्या हिवाळ्यात काही घरांची आमंत्रणे बंद झाली.

ग्रँड ज्युरीची रचना मात्र उघड आहे, ती सांगता येते. १६ ते २३ नागरिक, न्यायाधीश नाही, आरोपीचा वकीलही आत नाही. सरकारी वकील साक्षीदाराला प्रश्न विचारतो, कायदा समजावून सांगतो आणि मतदानाच्या वेळी बाहेर जातो. दोषारोपपत्राला किमान १२ जणांची संमती लागते. पहिल्यांदा दार ओढून घेऊन मी बाहेर उभी राहिले तेव्हा दहावीचा निकाल लागण्यापूर्वी पोटात येतो तसा गोळा आला होता. शेजारी उभा असलेला जुना सहकारी शांतपणे सफरचंद खात होता. तो म्हणाला, “आत काय होईल याची काळजी करू नकोस. त्यांना आत आणण्याआधी तू काय ठरवलंस, ते खरं काम.” त्याच्या म्हणण्याचा अर्थ मला आकड्यांवरून कळला. केंद्रीय न्यायालयांत दोषी ठरणाऱ्यांपैकी शंभरातले नव्वदहून अधिक जण गुन्हा कबूल करतात, खटला उभा राहतच नाही. आठ वर्षांत मी ज्युरीपुढे चालवलेले खटले दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळे माझ्या टेबलावर ठरले: कोणावर, कोणत्या कलमाखाली, की कोणावरच नाही. १९४० साली ॲटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांनी देशभरातील सरकारी वकिलांना वॉशिंग्टनमध्ये सांगितले होते की, माणसाच्या आयुष्यावर, स्वातंत्र्यावर आणि लौकिकावर या देशात सरकारी वकिलाइतका ताबा दुसऱ्या कोणाचाही नाही. हे भाषण अनेकदा नवख्यांच्या हाती दिले जाते. मला ते पाचव्या वर्षी समजले.

त्याला कारण झाले एका किराणा दुकानदाराचे प्रकरण. तो दुसऱ्याच खंडातून आलेला, साठीचा गृहस्थ होता. बँकेत दहा हजार डॉलरपेक्षा अधिक रोख भरली की बँकेला सरकारला कळवावे लागते, आणि ते टाळण्यासाठी रक्कम मुद्दाम तुकड्यांत भरणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग पैसा कितीही कष्टाचा असो. याने दोन वर्षे आठवड्याला कधी ९,५००, कधी ९,७०० भरले होते. पैसा दुकानाचाच होता. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये कर खात्याने आणि पुढच्या मार्चमध्ये न्याय विभागाने कायदेशीर उत्पन्नाच्या अशा प्रकरणांबाबत आपले धोरण बरेच मवाळ केले होते, त्यामुळे तो आरोप टिकवण्यात अर्थ नव्हता. पण तपास अधिकारी दुकानात गेले तेव्हा तो म्हणाला होता की, दहा हजारांचा नियम मला ठाऊकच नाही. बँकेतील कारकुनाने सांगितले की तिने स्वतः त्याला तो समजावला होता. म्हणजे कलम १००१ आयते तयार होते. अधिकाऱ्याचे म्हणणे होते की पुरावा चोख आहे, आणि तो होताही.

आमच्या नियमपुस्तकाप्रमाणे दोन गोष्टी पाहायच्या असतात: मान्य होईल अशा पुराव्यावर शिक्षा होऊन ती टिकण्याची शक्यता आहे का, आणि केंद्र सरकारने या प्रकरणात पडावे असे काही मोलाचे त्यात आहे का. पहिल्याचे उत्तर हो होते. दुसऱ्यासाठी मी ते जबाबाचे कागद तीन वेळा वाचले. दुकानात दोन गणवेशधारी माणसे, गिऱ्हाईक ताटकळलेले, प्रश्न इंग्रजीत, दुभाषी नाही. तो घाबरून खोटे बोलला होता याबद्दल मला शंका नव्हती. मी खटला न भरण्याची शिफारस लिहिली. अडीच पाने लागली. भरण्याची शिफारस दीड पानात होते. वरिष्ठांनी सही केली, अधिकारी काही महिने माझ्याशी तुटकपणे वागले. त्या दुकानदाराला हे कधी कळले नसणार. ही फाईल बंद झाली तशा आणखी कितीतरी झाल्या, आणि चारदोन मी बंद करायला हव्या होत्या त्या केल्या नाहीत. त्यांतील एक मला अजून रात्री आठवते. तिच्याबद्दल मी लिहिणार नाही.

सुरक्षा तपासणी पाच वर्षांनी पुन्हा झाली. तोवर डिजिटल सही असलेला सातबारा संगणकावर मिळू लागला होता, दादाने न मागता पाठवून दिला आणि खाली लिहिले, “तुझ्या एफबीआयसाठी.” हक्कसोड अजून झालेले नव्हते. त्याने मागितले नाही, मी विषय काढला नाही.

२०२१ मध्ये मी राजीनामा दिला. कारणे साधी होती: मुलीचे शिक्षण, सरकारी पगार आणि थकवा. ज्या प्रकरणांत मी स्वतः भाग घेतला त्यांत दुसऱ्या बाजूने उभे राहण्यास कायद्याने कायमची बंदी आहे. इतर प्रकरणांत आता मी आरोपींच्या बाजूने काम करते. पहिल्याच सुनावणीला मी सवयीने ज्युरीजवळच्या, म्हणजे सरकारी टेबलाशी जाऊन बसले होते. माझ्या जागेवर आलेल्या तरुण वकिलाने अदबीने खाकरून दाखवले.

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका अशिलाची शिक्षेपूर्वीची मुलाखत होती. प्रोबेशन अधिकारी कुटुंबाची माहिती लिहून घेत होत्या. आईची जन्मतारीख विचारल्यावर तो म्हणाला, १ जानेवारी. वडिलांची? १ जानेवारी. त्याची स्वतःची तारीख वरच लिहिलेली होती, तीही १ जानेवारीच. अधिकाऱ्यांनी पेन थांबवून त्याच्याकडे रोखून पाहिले. तो माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, पुढे कंसात ‘अंदाजे’ लिहा, कारण मी सांगते.